सहा टाकून बघा

कौसडीकर सरांनी मला गणित शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की हिला त्यांची काय किंमत. अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसले. परभणीतले निम्मे इंजिनिअर त्यांच्या हाताखालून गेलेत. दिनकरराव कौसडीकर वसमत रोडनं पायी निघाले तर लोक गाड्या बाजूला घेऊन नमस्कार करतात. पुढं मी एम.एस्सी. झाले आणि त्याच कॉलेजात, त्यांच्याच विभागात, तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. म्हणजे दर जूनला नवा अर्ज करायचा आणि त्यावर विभागप्रमुखांची सही घ्यायची. विभागप्रमुख तेच. पाच वर्षं त्यांनी एका शब्दानं न विचारता सही केली.

गेल्या ऑगस्टमध्ये बारावीच्या विशेष तुकडीसाठी चाचणी झाली. एकशे अठरा मुलं-मुली बसली, त्यातली तीस घ्यायची होती. या तीस जणांना सर स्वतः शिकवतात, रोज सकाळी सात ते नऊ, आणि त्यातली बहुतेक चांगल्या ठिकाणी लागतात. उरलेली अठ्ठ्याऐंशी माझ्यासारख्यांच्या वाट्याला. पेपर सरांनी काढला होता, शंभर मार्कांचा. उत्तरसूची त्यांच्या हातची आणि तपासायचं काम माझं.

सतरावा प्रश्न चार मार्कांचा होता. डावीकडं कंसात x − 5, त्याच्या डोक्यावर घात म्हणून x² − 6x + 8, आणि उजवीकडं नुसता 1. x च्या सगळ्या किमती काढा.

सरांची रीत त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला झोपेतून उठवलं तरी येते. पाया सारखा करा, मग घातांक सारखे मांडा. कशाचाही शून्य घात एक असतो, तेव्हा उजवीकडच्या एकाला x − 5 चा शून्य घात म्हणायचं. पाया दोन्हीकडं सारखा झाला. आता x² − 6x + 8 बरोबर शून्य, अवयव पाडले की x बरोबर दोन किंवा चार. सूचीत तेच होतं: दोन, चार. मी साठेक पेपर तसेच तपासले. दोन, चार, बरोबर. दोन, चार, बरोबर. हात चालला होता आणि डोकं बंद होतं.

मग सृष्टी मुरकुटेचा पेपर आला. तिनं लिहिलं होतं: दोन, चार, सहा.

मी तांबड्या पेननं सहावर काट मारली. खोटं कशाला सांगू, मारली. पण खाली तिनं तीन ओळी लिहिल्या होत्या म्हणून नजर अडकली. 'उत्तर एक कधी येतं? घात शून्य असला की येतं. पण पायाच एक असला तरी येतं, मग घात काहीही असो. x − 5 = 1, म्हणून x = 6. पाया उणे एक आणि घात सम असला तरी येतं; त्यानं x = 4 मिळतं, ते वर आलंच आहे.' आणि त्याखाली पडताळा. सहातून पाच गेले, एक. घात छत्तीस वजा छत्तीस अधिक आठ, म्हणजे आठ. एकाचा आठवा घात एक.

पाचवीतलं पोर करील इतका सोपा पडताळा. माझे कान तापले. हा नियम पुस्तकात जिथं छापतात तिथं शेजारी अट असते: पाया शून्य नसावा, एक नसावा, उणे एक नसावा. मी ती अट वर्गात शिकवलेली होती. पण सरांच्या अक्षरातली सूची समोर आली आणि मी ती विसरले, कारण अक्षर सरांचं होतं. एवढा राग मला स्वतःचा कधी आला नव्हता.

मी गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून काढला. एकशे अठरा जणांत सहा लिहिणारी ती एकटीच. तिला चारपैकी चार दिले. दोन-चार लिहिणाऱ्यांना चारपैकी दोन. नवी यादी केली, त्यात सृष्टी सव्विसावी आली. यादी आणि तिचा पेपर घेऊन मी विभागात गेले.

सर चहा पीत होते. त्यांनी पेपर घेतला, सतरावा प्रश्न वाचला. चष्मा वर केला, परत खाली घेतला. कप बशीत ठेवला.

"सूचीप्रमाणे तपासा," ते म्हणाले.

"सर, सहा टाकून बघितलं तर–"

"माधवी, सूचीप्रमाणे तपासायचं. वर्गात रीत शिकवलेली आहे. रीत सोडून केलं की शून्य. उद्या हीच पोरगी बोर्डाच्या पेपरात असली मखलाशी करून आली तर काय सांगायचं?"

"पण उत्तर बरोबर आहे, सर."

"नुसतं उत्तर बरोबर असून चालत नाही."

त्यांनी माझ्याच हातातलं पेन घेतलं. माझे चार खोडले, त्यावर शून्य काढलं आणि समासात एक शब्द लिहिला: अतिशहाणपणा. मग पेपर माझ्यापुढं सरकवला आणि चहा उचलला.

मी गप्प बसले. जूनची सही डोळ्यांपुढं होती असं कुणाला वाटेल. सहीचा विचारही आला नाही मनात. त्या खोलीत त्यांच्यापुढं उभी राहिले की मी परत सतरा वर्षांची होते, एवढंच. गठ्ठा उचलला आणि सगळे पेपर पुन्हा सूचीप्रमाणे केले.

यादी लागली. तिसावा एकाहत्तर मार्कांवर होता. सृष्टीला एकोणसत्तर.

सृष्टी राणीसावरगावची. बारीक चणीची, कपाळावर कायम एक आठी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. तिचे वडील योगीराज जेसीबी चालवायला बाहेरजिल्ह्यात असतात, आई धुरपताबाई गावी घरचं रान बघते. परभणीत ती मुलींच्या वसतिगृहात, श्रद्धा नावाच्या मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहत होती. पेपर हातात पडले त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती सरळ शिक्षकांच्या खोलीत आली. आम्ही सात-आठ जण डबे उघडून बसलो होतो.

"सर, ह्ये शून्य कशाचं हाय?"

सरांनी मान वर केली नाही. "शेजारी लिहिलंय ते वाच."

"वाचलं. ते मार्क न्हाईत, शिवी हाय."

सरांनी पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला.

"कुठली गं तू?"

"राणीसावरगावची."

"तिकडं मोठ्यांशी असंच बोलतात?"

"तिकडं एकाचा आठवा घात एकच येतो, सर. परभणीत किती येतो?"

सर उठले. त्यांची खुर्ची मागं भिंतीवर आदळली. शिकवायला लागल्यापासूनच्या एकोणतीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नसेल. "बाहेर हो!" ते ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. "आई-बापाला घेऊन ये. त्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही!"

ती हलली नाही. तिनं पेपर माझ्याकडं वळवला आणि शून्याखाली बोट ठेवलं.

"मॅडम, हितं आदी चार लिवलेले हायेत. अक्षर तुमचं हाय."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "सृष्टी, आत्ता जा. आपण नंतर बोलू."

हे वाक्य मला आजही आठवलं की दात-ओठ खावेसे वाटतात. नंतर बोलू! नंतर कधी?

तिसऱ्या दिवशी धुरपताबाई आल्या. पहिल्या गाडीनं गंगाखेड, तिथून परभणी, आणि स्टँडवरून कॉलेजपर्यंत चालत. चाळिशीतली बाई, डोक्यावर पदर, खांद्याला कापडी पिशवी. प्राचार्य गोविंदराव यांच्या खोलीत त्यांना बसवलं. कौसडीकर सर समोर. सृष्टी आईच्या खुर्चीमागं उभी. तपासणारी म्हणून मलाही बोलावलं होतं.

सर दहा मिनिटं बोलले. गुरू, आदर, वळण, आजकालची पिढी, मोबाईल. आपल्या हाताखालून किती शिकून गेले आणि त्यातल्या एकानंही कधी वर मान करून बघितलं नाही. धुरपताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं का, सर?" शेवटी त्या म्हणाल्या. "मी सातवी शिकलेली बाई हाय. तुमच्यातलं मला काय बी कळत न्हाई. पोरगी दोन दिस धड जेवंना. मी तिला मनलं, चुकलं असंल तर सरांचे पाय धर अन् मोकळी हो. तर ती मनली, आई, त्येन्ला सहा टाकून बगायला सांग. दुसरं काय बी बोलंना. येकच, सहा टाकून बगा. मग तुमी टाकून बगितलं का?"

सर प्राचार्यांकडं बघून हसले. "बाई, हा विषय तेवढा सोपा नाही."

"आसू द्या की अवघड. टाकून तर बगा. आमी बियाणं आणलं तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठिवतो, किती उगवायलेत ते मोजतो. दुकानदार किती बी मोठा असंना. त्यो काय रागाला येत न्हाई. तुमी कामून रागाला यायलाव?"

सरांचं हसू गेलं. "हे बघा, माझी एकोणतीस वर्षांची–"

"तुमच्या वर्षाचं इचारलं न्हाई मी. सहाचं इचारायलेय."

गोविंदराव इतिहासाचे. त्यांना गणितातलं काही कळत नव्हतं, पण माणसं कळत होती. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. सृष्टी माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत आशा नव्हती. ही बाई या खेपेलाही गप्प बसते का, एवढंच ती बघत होती.

"मी टाकून बघितलं," मी म्हणाले. "सहा बरोबर आहे. सृष्टीचं उत्तर पूर्ण बरोबर आहे. एकशे अठरा जणांत तिचं एकटीचं. चुकली आहे ती सूची. आणि हे मी सरांना यादी लागायच्या आधी सांगितलं होतं."

सरांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"बरं," गोविंदराव म्हणाले, "काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. बघू आपण. ताई, तुम्ही निश्चिंत जा."

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. 'प्रश्न क्रमांक 17 मध्ये तांत्रिक संदिग्धता आढळल्याने सर्व विद्यार्थ्यांना सदर प्रश्नाचे चार गुण सरसकट देण्यात येत आहेत.'

तांत्रिक संदिग्धता. प्रश्नात कसलीही संदिग्धता नव्हती. आरशासारखा स्वच्छ प्रश्न होता तो. सरांनी काढलेला, चांगला प्रश्न. त्याचं उत्तर एका मुलीनं बरोबर लिहिलं होतं, आणि ते मान्य करण्यापेक्षा प्रश्नालाच डागाळून टाकणं सगळ्यांना सोयीचं वाटलं. ज्यांनी अर्धं उत्तर लिहिलं त्यांचे चार तसेच राहिले. ज्यांनी चुकीचं लिहिलं त्यांना चार. ज्यांनी जागा कोरी सोडली त्यांनाही चार.

सृष्टीचे त्र्याहत्तर झाले. नव्या यादीत ती एकतिसावी होती. तिच्या वर, तिसाव्या जागेवर, चौऱ्याहत्तर मार्कांनी श्रद्धा.

मी जिन्यावरून उतरत होते तेव्हा दोघी फलकापुढं उभ्या होत्या.

"तू काय लिवलंतंस सतराव्याला?" सृष्टीनं विचारलं.

"काहीच न्हाई. येळच उरला नव्हता."

"म्हंजी काहीच न लिवल्याचे चार, अन् माझे बी चार."

"मी मागायला गेल्ते का गं?" श्रद्धाचे डोळे भरले.

"न्हाई. पण नको बी मनली न्हाईस."

"आसं कोण मनतंय? तू मनली असतीस?"

फलकाच्या काचेवर सृष्टीनं तळहात आपटला. काच फुटली नाही, पण आवाजानं शिपाई धावत आला. ती त्याच्या बाजूनं निघून गेली. त्यानंतर त्या दोघी एका खोलीत, दोन हातांच्या अंतरावर झोपत होत्या आणि महिनाभर एकमेकींशी बोलल्या नाहीत.

मी जिना परत चढले आणि विभागात गेले. सर एकटेच होते. वह्या तपासत होते. मी दार लावून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर न विचारता खुर्चीवर बसले.

"सर, तुम्ही सहा टाकून कधी बघितलं?"

त्यांनी पेन बंद केलं.

"तू पेपर आणलास त्याच मिनिटाला," ते म्हणाले. "टाकून बघायची गरज नव्हती. दिसलंच."

मला वाटत होतं ते नाही म्हणतील. भांडतील, काहीतरी पुस्तक काढून दाखवतील. तसं केलं असतं तर माझा राग निम्मा झाला असता. चूक न दिसणं कुणाही माणसाचं होऊ शकतं. मलाही साठ पेपर दिसलं नव्हतं.

"मग शून्य का दिलंत?"

"एकोणतीस वर्षं, माधवी. दरवर्षी हीच रीत सांगितली. अट सांगितली की पोरं गोंधळतात, म्हणून ती गाळली. बोर्डाला तसलं काही येत नाही. मग पुढं पुढं मी स्वतःच अट विसरलो. आता फलकावर लावू काय, की कौसडीकर एकोणतीस वर्षं अर्धंच शिकवत होता?"

"हो. लावा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या तोंडावर पाणी फेकलंय. "तुलाही मीच शिकवलंय."

"म्हणून तर एवढा राग आलाय."

"अगं, एका तुकडीनं काय बिघडतं तिचं? हुशार आहे ती. कुठंही शिकेल."

इथं माझा तोल गेला. मी टेबलावर हात आपटला, वह्या खाली पडल्या. "हुशार आहे हे तुम्हाला कळलं! कळूनसवरून शून्य दिलंत! ती मठ्ठ आहे असं वाटून दिलं असतंत तर मी त्याला चूक म्हणाले असते. याला चूक म्हणत नाहीत, सर. समासात काय लिहिलंत ते आठवतंय? अतिशहाणपणा. तिच्या पेपरावर तो शब्द कायमचा राहणार. आणि तुम्ही म्हणता कुठंही शिकेल!"

ते वह्या उचलायला वाकले. त्यांचे गुडघे दुखतात, मला माहीत आहे. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी आधी वाकले असते. त्या दिवशी मी उभी राहिले आणि बघत राहिले, आणि मग दार उघडून निघून आले.

त्याच दुपारी मी सृष्टीकडून पेपर मागून घेतला. सरांच्या शून्याशेजारी लिहिलं: 'उत्तर पूर्ण बरोबर. चारपैकी चार.' खाली सही, तारीख. त्याची प्रत जोडून संस्थेच्या सचिवांना अर्ज लिहिला: पेपर नव्यानं तपासावेत, सूची दुरुस्त करावी, आणि मुलीला लेखी कळवावं. आवक विभागात देऊन शिक्का मारून घेतला. शिक्का मारणारे बाबू म्हणाले, "मॅडम, कशाला उगी?" मी म्हणाले, "शिक्का नीट मारा, तारीख पुसट आलीय."

अर्जाचं उत्तर आलं नाही. सप्टेंबरचं वेळापत्रक लागलं तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. विचारायला गेले तर गोविंदराव फार गोड बोलले. या सत्रात तासांची गरज राहिलेली नाही, पुढं बघू. मी कपाटातला खडूचा डबा आणि दोन पुस्तकं पिशवीत भरली. माझ्या पाच वर्षांचं सामान तेवढंच निघालं.

आठवड्यानं सृष्टी माझ्या घरी आली. बरोबर चार मुली, सगळ्या उरलेल्या अठ्ठ्याऐंशीतल्या. त्यांना माझ्याकडं शिकायचं होतं. मी चटई अंथरली. बाकीच्या बसल्या, सृष्टी दारातच उभी.

"मॅडम, आदी येक बोलायचंय."

"बोल."

"सरांचा मला राग हाय. पण तुमचा जास्त हाय. सर मला वळखत नव्हते. तुमी वळखत होता. चार तुमीच दिलते. ते खोडताना बगत होता. अन् सगळ्यांसमोर मला मनलात, नंतर बोलू."

"तुझं बरोबर आहे."

"बरोबर हाय मनलं की संपतंय का?"

"नाही संपत," मी म्हणाले. बाकीच्या मुली खाली बघत होत्या. सृष्टीनं चप्पल काढली, आत येऊन बसली आणि वही उघडली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही. लॉगॅरिदमपासून सुरुवात केली.

पुढच्या दोन महिन्यांत तिनं मला एकही गोष्ट तशीच पुढं नेऊ दिली नाही. मी दोन्ही बाजूंना कशानं भागलं की विचारायची, ते शून्य असलं तर? वर्ग केला की विचारायची, नवी उत्तरं घुसली तर? कधीकधी मला तिचाही राग यायचा. मग मी ते तपासायचे, आणि दहातल्या आठ वेळा तिचं विचारणं रास्त निघायचं.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका दुपारी श्रद्धा आली. दारात उभी राहून तिनं विशेष तुकडीची वही पुढं केली.

"आज सरांनी घातांकाची समीकरणं घेतली," ती म्हणाली. "तीन बाबी सांगितल्या. घात शून्य, पाया एक, पाया उणे एक. मनले, पुष्कळ जण ही अट विसरतात."

सृष्टीनं वही घेतली नाही. "माझं नाव घेतलं का?"

"न्हाई."

"माझं जाऊ दे. मॅडमचं?"

"न्हाई."

"पुष्कळ जण!" सृष्टी उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. "एकशे सतरा जण अन् ते सोता! आसं मनायचं होतं!"

तीस मुलांना खरं ते कळलं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माणसाला एवढं सोपं कसं जातं? जणू एकोणतीस वर्षं ते असंच शिकवत आलेत.

सृष्टीनं मग वही ओढून घेतली आणि उभ्यानंच पान वाचलं.

"पाया शून्य आसला तर काय, ते न्हाई सांगितलं."

"न्हाई."

"मग उद्या इचार."

"मी?" श्रद्धा मागं सरकली.

"तुकडीत तू हायस. मी न्हाई. मला वर्गाच्या दारात बी उभं करत न्हाईत. तुला त्या जागेवर बसवलंय ना, मग तिथून इचार."

श्रद्धा वही घेऊन निघून गेली. ती विचारील असं मला वाटलं नाही. साधी, भित्री मुलगी. पण दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती पळत आली, केस विस्कटलेले, आणि दारातूनच बोलायला लागली.

"इचारलं. पहिल्यांदा मनले, ते लागत न्हाई, बस खाली. मी बसले न्हाई. परत मनले, बस. तरी बसले न्हाई. मनलं, सर, सांगा, मग बसते. सगळी तुकडी माज्याकडं बगायली. मग सरांनी खडू घेतला."

"काय लिहिलं?" मी विचारलं.

"पाया शून्य आन् घात धन आसला तर उत्तर शून्य. एक कदीच येत न्हाई. घात शून्य न्हाईतर उणे आसला तर ते मांडायचंच न्हाई. आन् लिवून झाल्यावर मागं न बगता इचारलं, हे तुला कुणी इचारायला सांगितलं?"

सृष्टी चटईवर बसून होती. तिनं मान वर केली. "तू काय मनलीस?"

"मनलं, सृष्टी मुरकुटेनं. एकतिसाव्या नंबरच्या."

"मग?"

"मग काय न्हाई. खडू ठिवला अन् हात पुसले. पुढचं उदाहरण घेतलं."

सृष्टीनं तिच्याकडं रोखून पाहिलं. मग चटईवरची आपली पुस्तकं उचलून मांडीवर घेतली आणि श्रद्धाला बसायला जागा केली.